दोन मिनिटं

दहावीतली आचल सापडेल त्या लेखनस्पर्धेला लेख पाठवायची. कधी मावशीच्या लग्नात रुसलेल्या बँडवाल्यावर, कधी सायकल शिकताना म्हशीला दिलेल्या धडकेवर. एकदाही नंबर लागला नाही. मराठीचे सर म्हणाले, "हसऱ्या लेखाले कोनी नंबर देत नाही वं पोरी. रडवनारं लिही."

अमरावतीच्या एका संस्थेनं शाळकरी मुलांचे खरे अनुभव मागवले, तेव्हा तिनं लिहून टाकलं, 'माझे बाबा गेले तो दिवस'.

पहिला नंबर आला. लेख पुस्तकात छापणार होते. घरी तिनं फक्त बक्षिसाचं सांगितलं, लेखाचं नाही. बाबांची त्या दिवशी नांदगाव पेठच्या कापड कंपनीत ड्युटी होती, म्हणून ती निर्धास्त होती.

समारंभात पाहुण्या बाईंनी लेख वाचून दाखवला. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "या लेकराच्या वडिलांसाठी दोन मिनिटं उभं राहू या," त्या म्हणाल्या. सगळा हॉल उभा राहिला. आचलनं हळूच पाहिलं, तर शेवटच्या रांगेत कंपनीच्या निळ्या शर्टातले बाबाही उभे होते. मान खाली, हातात पेढ्यांचा डबा.

कार्यक्रम संपला. ढाल घेऊन आचल बाबांजवळ येऊन उभी राहिली. तेवढ्यात पाहुण्या बाई आल्या. तिच्या डोक्यावरून हात फिरवत त्यांनी बाबांना विचारलं, "आपण हिचे कोण?"



"मी मामा होय जी पोरीचा."