बहात्तर तासांचे मौन

दिनांक १२ सप्टेंबर २०२३, मंगळवार, सकाळचे साडेदहा; स्थळ कुंदापूर, रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांची खोली. अधीक्षक डॉ. वासंती बल्लाळ यांच्यासमोर एकच कागद होता. समोरच्या खुर्चीत बसलेल्या गोविंद ऐताळांना तो उलट्या बाजूनेही वाचता येत होता : 'शुक्रवार, ८ सप्टेंबर, दुपारी ४ वाजून १२ मिनिटे. दूधपेढीचा फ्रीझर. तापमानाचे इशारे बहात्तर तास बंद. नाव : चैत्रा कोट्यान.' कारणाच्या रकान्यात केवळ एक टिंब होते.

ते टिंब ऐताळांनी दिले होते.

रुग्णालयातली दोनशे अकरा यंत्रे ज्या पडद्यावर हिरवी किंवा लाल दिसत, त्या देखरेख-कक्षाचे ऐताळ चौदा वर्षे प्रमुख होते. अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी इतर मातांनी दिलेले दूध ज्या फ्रीझरमध्ये साठवले जाई, त्याचे दार उघडले की तापमान चढे आणि पडदा दहा मिनिटे लाल राही. सोमवारी विश्वस्त पाहणीला येणार होते. यावरचा योग्य उपाय ऐताळांना ठाऊक होता : सलग तीन मोजण्या चुकल्या तरच इशारा द्यावा, असे यंत्राला सांगायचे. त्याला अर्धा तास लागला असता. त्याऐवजी ते शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले आणि त्यांनी सोमवार दुपारपर्यंत इशारेच बंद केले. खुर्ची त्यांच्या हाताखालच्या चैत्राची होती आणि संगणक तिच्या नावाने उघडा होता. कक्षाची रीतच तशी होती : पाळीच्या आरंभी एकाने आपल्या नावाने उघडायचे, मग दिवसभर जो बसेल त्याने त्याच नावावर काम करायचे. ज्याचे नाव त्याची जबाबदारी, हा नियमही ऐताळांनीच लिहिला होता.

शनिवारी संध्याकाळी फ्रीझर बंद पडला. रविवारपुरते दूध आधीच काढून ठेवलेले असल्याने त्याचे दार कोणी उघडले नाही. सोमवारी सकाळी विश्वस्तांनी हिरव्या पडद्याचे कौतुक केले, त्याच वेळी खालच्या मजल्यावर दार उघडले गेले.

"एकतीस लिटर," डॉ. बल्लाळांशेजारी बसलेल्या, दूधपेढी सांभाळणाऱ्या सिस्टर हिल्डा म्हणाल्या. "सगळं मोरीत ओतलं, या हातांनी. वर सात पोरं वाट बघतायत, आणि तुमचा पडदा म्हणे हिरवागार! भाताचं शेत आहे का हो ते, ऐताळरे?"

नावापुढचा तो आदराचा कानडी 'रे' ऐकून ऐताळांनी मान खाली घातली. ती खाली घालण्याचा अधिकार या खोलीत आपल्याला सर्वांत अधिक आहे, हे फक्त त्यांनाच माहीत होते.

चैत्रा दाराजवळ उभी होती. महिनाअखेर तिची नोकरी कायम व्हायची होती. घरी सात महिन्यांचे मूल होते आणि घर तिच्या पगारावर चालत होते.

"चैत्रा," डॉ. बल्लाळ म्हणाल्या, "फ्रीझरचे इशारे शुक्रवारी तुझ्या नावावरून बंद झाले. तू केलेस?" वेळ त्यांनी उच्चारली नाही.

"आठवत नाही, मॅडम. विश्वस्त येणार म्हणून त्या दिवशी कितीतरी यंत्रं गप्प केली. पण नोंद माझ्या नावाची आहे ना? सर नेहमी सांगतात, माणूस विसरतो, नोंद विसरत नाही." ती ऐताळांकडे वळली. "म्हणजे मीच केलं असणार. हो ना, सर?"

"नोंदीत तसं आहे," ऐताळ म्हणाले.

वाक्य निर्दोष होते. त्यांनी ते मनात पुन्हा तपासले. एकही शब्द असत्य नव्हता. आणि तो नव्हता, म्हणूनच त्यांनी चैत्राकडे पाहणे टाळले.

"तुम्हाला आणखी काही सांगायचंय, ऐताळरे?"

"नाही, मॅडम."

"बघा हं, नीट आठवून."

"नाही."

"मग चैत्रा, तसं लिहून दे."

तिच्याजवळ पेन नव्हते. ऐताळांनी स्वतःचे दिले, टोपण काढून दिले. ती टेबलाच्या कडेवर वाकून लिहू लागली आणि मध्येच थांबली.

"सर, 'निष्काळजीपणा' लिहू की 'नजरचूक'?"

"नजरचूक लिही," ते हलकेच म्हणाले. तिच्यावर आपण एक उपकार केला असे त्यांना क्षणभर वाटले, आणि दुसऱ्याच क्षणी, तसे वाटल्याबद्दल, त्यांची कानशिले शरमेने तापली.

चैत्राने सही केली. डॉ. बल्लाळांनी कागद वाचला, मधोमध फाडला आणि टोपलीत टाकला.

"तू जा. कामाला लाग."

"पण मॅडम, माझी नोकरी..."

"जा म्हटलं ना, बाई."

काहीच न उमजलेली ती बाहेर गेली. दार लागले. मग सिस्टर हिल्डांनी मांडीवरची वही उघडून ऐताळांपुढे सरकवली. तिच्यात दूध देणाऱ्या मातांच्या सह्या होत्या, वेळेसकट.

"शुक्रवारी चार ते साडेचार ही मुलगी सिस्टरांसमोर बसून दूध देत होती," डॉ. बल्लाळ म्हणाल्या. "कक्षात तेव्हा तुम्ही एकटेच होता. आणि मोरीत गेलं त्यात तिचंही होतं."

ऐताळ उठून उभे राहिले. "मॅडम, त्या दिवशी मी..."

"आता नको. चौकशी तिची नव्हतीच, ऐताळरे. तुमची होती, आणि ती संपली."