पुसलेली खूण

कात्रींनी चाचणीच्या टेबलावरच्या व्हेंटिलेटरची नळी आणि विजेची वायर एकदम उपटली. यंत्र बॅटरीवर बोंबललं खरं, पण लाल दिवा एकच लागला, नळीचा. वीज गेल्याचा दिवा ढिम्म.

तपासणीवाल्या त्या गृहस्थांना सगळे कात्रीच म्हणत. धडधाकट यंत्र दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचेच.

"पुन्हा करा ना," ती म्हणाली. पुढचे बरेच प्रयत्न नीट झाले. मग पुन्हा तेच.

तिने यंत्राचा प्रोग्रॅम उघडून पाहिला. यंत्रात काही बिघडलं की एक खूण उमटते, आणि एक छोटा प्रोग्रॅम हातातलं काम टाकून तिकडे धावतो. जुना प्रोग्रॅम म्हणजे नुसती ठिगळं. तिनेच हौसेने तो नव्याने लिहिला होता. जुन्यात आधी खूण पुसायचे, मग बिघाड बघायचे. हा कुठला वेंधळेपणा, म्हणून तिने क्रम उलटा केला. आता पहिला बिघाड बघेपर्यंत दुसरा आला, तर त्याचीही खूण पुसली जात होती. म्हणजे बॅटरी गुपचूप संपणार, आणि नळीच्या टोकाला कुणाचं तरी तान्हं बाळ.

खाली गाडीत याच यंत्रांची खोकी चढत होती. साहेब सहीसाठी पेन उघडून उभे.

"अहो, दोन्ही एकाच क्षणी कशाला बिघडतील? पुढच्या खेपेला बघू," तिचं ऐकून साहेब म्हणाले.

नुसती मान हलवली असती तरी सुटली असती. तेवढ्यात फोन वाजला. दादा.

"बाबांना आयसीयूत हलवलंय. रडत बसू नकोस, नीघ."

फोन ठेवला, तर पडद्यावर पाळणाघराचा मिस्ड कॉल. दादाशी बोलताना आलेला. तिला पत्ताच नव्हता. तिने लगेच फोन लावला.

"ताई, पिल्लूला ताप चढलाय हो. लवकर या."

फोनने निदान खूण तरी ठेवली होती.

"साहेब, खोकी उतरवा."

"आत्ता? वर काय सांगू मी?"

"माझी चूक आहे म्हणून सांगा. कात्री, जुनाच प्रोग्रॅम घाला परत."

पर्स उचलून ती धावतच जिन्यापाशी आली आणि कठडा धरून थांबली. खाली गाडीचं इंजिन घरघरत होतं. ते बंद झालेलं ऐकलं, तेव्हाच ती पहिली पायरी उतरली.