तुळशीखालचं झाकण

"सूनबाई आल्यापासूनच टाकी भरून राह्यली. एवढं पाणी कायले सांडते का मालूम," सासरे नानाजी पुटपुटले, दिपालीला नीट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात.

घाटंजीच्या त्या घरात बारा वर्षांत संडासाची टाकी एकदाही उपसलेली नव्हती. पण सून नवी होती, त्यामुळे गुन्हेगार लगेच सापडला. एका बादलीत भागवायची शिक्षाही तिलाच.

शेवटी उपसणारी गाडी आली. गाडीवाल्यानं विचारलं, "काकाजी, टाकीचं झाकण कुठी हाय?" नानाजी आभाळाकडे पाहू लागले, मुलगा अंकुर मोबाइलकडे. दिपालीनं अख्खं अंगण धुंडाळलं. सगळीकडे टाइल्स, आणि मधोमध नानाजींनी हौसेनं बांधलेलं तुळशीवृंदावन. मे महिन्यात गल्लीतल्या साऱ्या तुळशी वाळल्या, ही मात्र कमरेएवढी हिरवीगार. नानाजी त्याला आपल्या भक्तीचं फळ म्हणत.

नवऱ्यापुढं कधी तोंड न उघडणाऱ्या विमलताईंनी सुनेच्या हातातली बादली काढून खाली ठेवली.



"पोरीले बोल लावू नका. झाकण तुमच्या तुळशीखाली हाय. बारा वर्षं झाले, मी रोज संडासाच्या टाकीलेच दिवा लावून राह्यली."