बाळंतविड्याची किंमत

प्रीती जर्मनीत बाळंत झाली आणि तिची आई, गुणमालाबाई, बाळंतविडा घेऊन सांगलीतल्या कुरियरच्या दुकानात आली. खोक्यात झबली होती, दुपटी होती आणि स्वतःच्या लग्नातला शालू कापून शिवलेली कुंची होती.

"काकू, सगळं घरीच शिवलंय न्हवं? मग किंमत पाचशे लिवतो," दुकानदार म्हणाला. "जास्त लिवली की तिकडं कर बसतोय, आन् तो घेणाऱ्यालाच भरावा लागतोय."

"जावयाच्या नावानं चाललंय ते. लेकीच्या माहेरचं हलकं दिसायला नको. वीस हजार लिही."

दुकानदारानं मान हलवली आणि वीस हजार लिहिले.

दोन महिन्यांनी एका दुपारी प्रीतीचा व्हिडिओ कॉल आला. ऑनलाइन मागवलेली लोकरीची टोपी घालून बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

"आई, खोकं पोचलं बरं का," प्रीती म्हणाली. "ह्यांना तर सगळं लय आवडलं. कुंची घालून बाळाचे फोटो काढायचे म्हणत होते." बोलता बोलता तिची नजर बाजूला वळली.

"मग काढा की. बाळं भराभर वाढतात. नंतर कुंची बसायची न्हाई."

एवढं बोलून गुणमालाबाईनं फोन थोडा आणखी वर धरला. जावयानं कर भरायला नकार दिला म्हणून कुरियरवाला सकाळीच ते खोकं परत देऊन गेला होता, आणि कुंची तिच्या मांडीवर होती.