नऊला दुसरा शब्द नाही

"बोल," काका म्हणाले.

रिसीव्हर तिनं कानापासून वीतभर लांब धरला होता. तळघरात, सर्व्हरच्या पंख्यांशेजारी सगळी नोकरी काढल्यामुळे काकांचा आवाज असा झाला होता की ते बोलत एकाशी आणि ऐके अख्खा काउंटर.

काउंटरसमोरची रांग हॉस्पिटलच्या दारातून बाहेर गेली होती. शेजारचं हॉस्पिटल दुरुस्तीसाठी बंद झालं, आणि तिथले सगळे पेशंट आज सकाळपासून इथे. एक नाव नोंदवायला दहा-दहा मिनिटं लागत होती. तळघरातलं मोठं यंत्र एकच, पण त्याचे चार वाटे केलेले: पहिला नोंदणीचा, मग तपासण्या, औषधं, पगार. नोंदणीच्या वाट्याला आलेले प्रोसेसर सकाळीच दमले होते. यंत्राच्या पोटात आणखी चार होते. पहिल्या दिवसापासून राखीव, झोपलेले. त्यांना उठवायचा कोड यंत्राच्या कंपनीकडून आत्ताच आला होता. कॉम्प्युटरचे साहेब रजेवर, म्हणून त्यांच्या हाताखालच्या तिच्या नावावर. तिच्या पडद्यावर चौतीस अक्षरं नि आकडे उभे होते. तळघराला बाहेरची इंटरनेट लाइन नव्हती. होता तो हा फोन.

"मी लिहून आणते," ती म्हणाली.

"तू जिने उतरून येशील तोवर रांग चौकात पोचेल. बोल. सावकाश बोल. तीनदा चुकलं की कुलूप पडतं, मग नवा कोड उद्या."

तिनं डोळ्यांनी आधीच मोजून ठेवलं होतं. नऊ पाच वेळा, बी तीनदा. न आणि ब हे तिच्या जिभेचे जुने वैरी. एरवी ती त्यांना वळसा घालून जायची. 'नको'ऐवजी 'राहू दे', 'बरं'ऐवजी 'चालेल'. नोकरीला तीन आठवडे झाले होते आणि फोन उचलायची वेळ तिनं एकदाही येऊ दिली नव्हती. पण नऊला दुसरा शब्द नाही. इंग्रजीत म्हणावं, तर तिथेही न.

"सात. चार. ए. न..." शब्द अडला. "न... न..."

"नऊ! नऊ म्हणतेय ती!" काउंटरच्या मुख्य बाई मागे येऊन उभ्या होत्या. "अगं, दे इकडे, मी वाचते. तुझं होईस्तोवर माणसं बरी होऊन घरी जातील."

रांगेतले दोघंतिघं हसले. बाईंचा हात रिसीव्हरवर आला. आज हा आपल्या हातून गेला तर पुन्हा कधी कुणी आपल्या हाती देणार नाही, हे तिला स्वच्छ दिसलं. तिनं तो सोडला नाही.

"मध्ये कोण बोललं?" तळघर गरजलं. "कोडात दुसरा आवाज आला. पुसलं मी. पुन्हा पहिल्यापासून."

"काका, हा कुठला नियम काढलात?"

"माझाच. कोड तिच्या नावावर आलाय, बाई. तिच्याच तोंडून घेणार. बोल गं."

सात. चार. ए. पुन्हा तेच दार, पुन्हा बंद. रांगेत सर्वांत पुढे उभ्या असलेल्या आजोबांना राहवेना. "नऊच असेल, पोरी," ते मायेनं म्हणाले.

"पुन्हा पहिल्यापासून," काका म्हणाले.

"ओ आजोबा, गप्प राहा की जरा!" मागून कुणीतरी ओरडलं. बाईंनी वळून त्या ओरडणाऱ्याकडे डोळे वटारले आणि स्वतःच ओठांवर बोट ठेवलं.

तिसऱ्यांदा ती त्या आकड्यापाशी आली. जन्मभर लोकांनी तिचे शब्द तिच्याआधी पुरे केले होते. कधी मायेनं, कधी घाईनं, आणि बहुतेकदा चुकीचेच. आता फोनमधून नुसते पंखे ऐकू येत होते. काका साधं 'हं'सुद्धा म्हणाले नाहीत.

"...नऊ."

"नऊ," काका म्हणाले, आणि कळ दाबल्याचा आवाज आला.

मग उरलेले नऊ आले, बी आले. एका बीला इतका वेळ लागला की रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आलेली खोकल्याची उबळ तोंडावर हात दाबून धरली. चौतिसावं अक्षर सुटलं तेव्हा तिची पाठ घामानं भिजली होती.

"घेतला," काका म्हणाले. "चौघंही जागे झाले. पण नुसते उठून बसलेत, कुठे जायचं ते त्यांना ठाऊक नाही. कुणाच्या वाट्याला देऊ?"

बाईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

काकांना माहीत नव्हतं असं थोडंच होतं. 'नोंदणी'ऐवजी 'पहिल्या' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तो शब्द तिच्या जिभेवर आयता येऊनही बसला होता, नेहमीच्या वळशाच्या वाटेवरचा. तिनं तो गिळला.

"न..." ती म्हणाली.

खाली चार प्रोसेसर आणि वर दाराबाहेरपर्यंतची सगळी रांग त्या एका शब्दासाठी थांबली. कुणालाच घाई नव्हती.