हलका शब्द

"ताई, तेवढा एक शब्द बदला की," कणीक माखल्या हातांनी छबू पत्रावर वाकली. ज्यांच्याकडे ती पोळ्या करायची त्या ताई सोसायटीच्या सेक्रेटरी, आणि पत्र तिच्या वॉचमन नवऱ्याला कामावरून काढायचं. काल भरदुपारी तो गेटवर पिऊन पडलेला सापडला होता. पत्रात इंग्रजीत 'ड्रंक' लिहिलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत गेटजवळची खोली रिकामी करा म्हणून. पोरीची दहावीची परीक्षा सोमवारपासून होती.

"मग कुठला घालू?" ताईंनी विचारलं.

"टिप्सी."

इथंच, बाराव्या मजल्यावर, ताईंच्या पार्ट्यांत तिनं तो ऐकला होता. कुणी सोफ्यावर ओकलं तरी "टिप्सी झालीय गं" म्हणत सगळ्या खिदळायच्या. त्या शब्दानं कुणाची खोली गेलेली तिनं पाहिली नव्हती.

ताई हसल्या. "अगं, टिप्सी म्हणजे किंचित चढलेली. तुझा नवरा तर आडवा पडला होता!"

छबूनं त्यांचे पाय धरले. "ताई, होळीला तुमीबी लिफ्टात अशाच आडव्या झाल्या होत्या की. ह्यांनीच उचलून वर आणलं. साहेब म्हनले, टिप्सी झालीय जरा."

ताईंचं हसू विझलं. त्यांनी सही करून पत्र तिच्या हातात ठेवलं आणि दार उघडून धरलं.

खाली खोलीच्या दारात नवरा गणवेश चढवून ताठ उभा होता. "बदलला का शब्द?"

छबू पोरीची पुस्तकं पोत्यात भरू लागली. "न्हाई. त्यो बाराव्या मजल्याच्या खाली मिळत न्हाई."