अ आणि ब या दोन व्यक्ती

“‘माणूस’ नको, ‘व्यक्ती’ लिहा,” संपादक बाई म्हणाल्या. “काम करणारे सगळे पुरुषच कसे हो तुमच्या पुस्तकात?”

गणिताच्या सरांनी मुकाट्याने खोडलं. ‘अ हा माणूस’ गेला, ‘अ ही व्यक्ती’ आली. शाळेच्या गणिताच्या पुस्तकाचं हे शेवटचं प्रकरण, काळ-काम-वेग. उद्या पुस्तक छापायला गेलं की सरांना या कचेरीत यायचं काही कारण उरणार नव्हतं. बाईंना ते सकाळपासून टोचत होतं.

चाळिशी उलटलेल्या बाई एकट्याच राहत. सरांचंही लग्न झालेलं नव्हतं. वर्षभर दोघांत वाद झाले ते स्वल्पविरामांवरून. पण चहा मागवताना बाईंचा बिनसाखरेचा, हे सर न विसरता सांगत, आणि तेवढ्यावर बाईंनी मनात बरेच इमले बांधले होते.

सर सरळ कधी बोलतच नसत. साधी खिडकी लावायची तरी सुरुवात “समजा, वारा आला” इथून.

शेवटचं पान उलटलं. सरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“एक उदाहरण राहिलंय. पुस्तकातलं नाही.”

“सांगा ना.”

“समजा, अ आणि ब या दोन व्यक्ती आहेत. वेगवेगळ्या घरांत एकट्या राहतात. आजारी पडलं तर पाणी द्यायलाही कोणी नाही. त्या एकत्र राहिल्या तर?”

एरवी बाईंनी लगेच दटावलं असतं, अ कोण, ब कोण, आधी स्पष्ट लिहा म्हणून. आज त्यांनी निम्मंच विचारलं.

“ब म्हणजे मी?”

“तुम्हीच. रागावला नाहीत ना?”

“रागवायचं काय त्यात? पण इतके दिवस बोलला का नाहीत?”

“धीर होत नव्हता. तुम्ही नाही म्हणाला असता तर फार वाईट वाटलं असतं.”

आता घरी पोचल्यावर कुलूप काढायचं नाही, नुसती बेल वाजवायची, एवढंच बाईंच्या मनात आलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

“उत्तर ‘हो’ आहे,” त्या म्हणाल्या.

सरांनी हुश्श केलं आणि खिशातून फोन काढला.

“मग ताईला लगेच कळवतो. भावजी गेल्यापासून एकटीच राहते, घर खायला उठतं तिला.”